वायरमनला मजुरी विचारण्याआधी

कापडाचा व्यापारी ठाण उलगडून पाहिल्याशिवाय भाव करीत नाही. धान्याचा व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली धरतो आणि मगच बोलतो. चामड्याचे काम करणारा कारागीर कातडे उजेडात धरून त्यातला डाग हुडकतो. माल पारखणे हे आपल्या व्यापारी-कारागिरांच्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु हीच मंडळी घरात लाइट फिटिंगचे काम काढतात तेव्हा वायरमनला एकच प्रश्न विचारतात, "एका पॉइंटचे काय घेणार?" दोघांचे भाव ऐकायचे, कमी सांगेल त्याला काम द्यायचे, की विषय संपला.

वास्तविक इतर कोणत्याही कामापेक्षा या कामात पारख अधिक लागते. रंग उडाला तर दिसतो, नळ गळला तर कळतो. वायर मात्र भिंतीत जाते, वर प्लास्टर होते आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे ती कोणाच्या नजरेस पडत नाही. हलका माल आणि उरकलेले काम तेथे सहज लपते. ते उघडकीस येते एखाद्या पावसाळ्यात फ्रिजच्या दाराला हात लावल्यावर, किंवा रात्री मीटरजवळ धूर निघाल्यावर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहिले तर अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने मरण पावणाऱ्यांची संख्या देशात दर वर्षी दहा हजारांच्या वर आहे. आकाशातून पडणाऱ्या विजेचे बळी यात नाहीत, ते वेगळे मोजले जातात.

आमच्या वाचकांत घरमालक आहेत, दुकानदार आहेत, तसेच पक्कड-टेस्टरवर घर चालविणारे वायरमन बांधवही आहेत. हा लेख दोघांसाठी आहे, कारण या व्यवहारात एकाची काटकसर आणि दुसऱ्याची हातचलाखी एकमेकींना जन्म देतात असे आमचे निरीक्षण आहे.

भार वाढला, वायर तीच

भिवंडी, मालेगाव, सोलापूर, मिरज अशा गावांतील जुन्या मोहल्ल्यांत घर आणि धंदा एकाच छपराखाली असतो. खाली दुकान किंवा शिलाईच्या मशिनी, वर राहणे. ही घरे बांधली तेव्हा एका खोलीत एक दिवा, एक पंखा आणि रेडिओसाठी एक प्लग एवढाच हिशेब होता. काही घरांत अजूनही लाकडी पट्टीवर क्लिपा मारून नेलेली जुनी ॲल्युमिनिअमची वायर आहे. तिच्यावर आज फ्रिज, धुलाई यंत्र, पाण्याची मोटर, इस्त्री, गिझर आणि जमल्यास ए.सी. चालतो.

हिशेब सोपा आहे. उपकरणाचे वॅट २३० ने भागले की किती अँपिअर प्रवाह लागतो ते कळते. हजार वॅटची इस्त्री सुमारे साडेचार अँपिअर घेते. दोन हजार वॅटचा गिझर पावणेनऊ. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी तेवढेच. ही तीन एकाच वेळी चालली की बावीस अँपिअर झाले, आणि पंखे-फ्रिज अजून मोजलेलेच नाहीत. दिवा-पंख्यासाठी टाकलेल्या वायरीने हा भार उचलायचा म्हणजे हातगाडीवर ट्रकचा माल लादण्यासारखे आहे. वायर लगेच तुटत नाही. ती तापते, तिच्यावरचे आवरण हळूहळू कडक होते, भेगाळते, आणि एक दिवस आतली तार उघडी पडते.

म्हणून पुढील खुणा दिसल्या की वायरमनला बोलवावे, बल्ब बदलून गप्प बसू नये. स्विच किंवा प्लग हाताला गरम लागणे. बोर्डाजवळ जळका वास येणे किंवा काळपट डाग पडणे. मोटर सुरू होताच दिवे मंद होणे. नळाला, भिंतीला किंवा फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या येणे. फ्यूज वा एम.सी.बी. वारंवार पडणे. यांतील मुंग्या येण्याची खूण सर्वांत गंभीर आहे. तिला "थोडासा करंट येतो, चप्पल घालून लाव हात" असे म्हणून चालविणाऱ्या घरांत आम्ही गेलो आहोत. घरातल्या लहान मुलाच्या पायात प्रत्येक वेळी चप्पल असेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट धंदेवाल्यांनी ध्यानात ठेवावी. घरगुती मीटरवर कारखान्याचा भार चालविणे २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात येऊ शकते, आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. आपला उद्योग कोणत्या दरात बसतो आणि मंजूर भार किती हवा, हे वीज कार्यालयात विचारूनच नवे फिटिंग काढावे.

कायदा काय सांगतो

मीटरपर्यंतची जबाबदारी वीज पुरविणाऱ्याची, मग ती महावितरण असो, मुंबईत बेस्ट असो की एखादी खासगी कंपनी. मीटरच्या पुढचे सर्व फिटिंग ग्राहकाचे. येथे काम कोणी करावे हे कायद्याने ठरविलेले आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील नियम ४५ असा होता की, बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच अशा वस्तू जशाच्या तशा बदलणे सोडले तर नवे फिटिंग, वाढ, फेरफार आणि दुरुस्ती परवानाधारक ठेकेदारानेच करावी, त्यावर पात्रता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख असावी आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे परवाना असावा. ते जुने नियम जाऊन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम २०१० मध्ये आले, त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे आले. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले.

हा नियम केवळ कागदी आहे असे समजू नये. नवी जोडणी घेताना किंवा भार वाढविताना परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा चाचणी अहवाल, म्हणजेच टेस्ट रिपोर्ट, द्यावा लागतो. पुष्कळ ठिकाणी काम एकाने करायचे आणि सही दुसऱ्याची आणायची असा प्रकार चालतो. सही करणाऱ्याने घर पाहिलेलेही नसते. अशा सहीसाठी दिलेले पैसे वाया गेले असेच म्हणावे लागेल, कारण त्या कागदाची किंमत त्यामागच्या तपासणीत असते. सही करणारा माणूस घरी येऊन मीटर लावून तपासणी करील, असे कामाच्या बोलीतच ठरवून घ्यावे.

परवाना आणि शिक्षण यांतला फरकही समजून घ्यावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत म्हणजे आय.टी.आय.मध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. यंत्रे, मोटरी आणि त्यांची दुरुस्ती यांवर पहिल्याचा भर, तर घर-इमारतीतील वायरिंगवर दुसऱ्याचा. त्याचप्रमाणे खांबावर चढणारा लाइनमन आणि घरात फिटिंग करणारा वायरमन ही दोन निराळी कामे आहेत. "बोर्डाचा माणूस आहे, त्याला सगळे येते" हा समज राज्य वीज मंडळ होते तेव्हापासूनचा आहे. २००५ मध्ये त्या मंडळाचे विभाजन झाले, समज तसाच राहिला.

ओळखीचा माणूस

मोहल्ल्यातला वायरमन बोलावण्यामागे चांगली कारणे आहेत. दिवसा पुरुषमंडळी दुकानात असतात, घरात बायका-मुले असतात, अशा वेळी परक्या माणसापेक्षा ज्याचे घरदार ठाऊक आहे तो बरा. रात्री अकरा वाजता लाइट गेली तर तोच येतो. काम बिघडले तर तोंड चुकवून त्याला जाता येत नाही, सकाळी चहाच्या टपरीवर गाठ पडतेच. शिवाय त्या गल्लीतल्या घरांची जडणघडण, कुठल्या भिंतीत ओल येते, कुठल्या इमारतीचे अर्थिंग निकामी आहे, हे त्याला पाठ असते. एवढे ज्ञान बाहेरून येणाऱ्या मोठ्या ठेकेदारालाही नसते.

परंतु ओळख ही माणसाची असते, कामाची असेलच असे नाही. पुष्कळसे वायरमन उस्तादाच्या हाताखाली शागीर्द म्हणून शिकलेले असतात. त्यांच्या हातात सफाई असते. मात्र उस्तादाने जे कधी केले नाही ते शागीर्दालाही ठाऊक नसते. उस्ताद किटकॅट फ्यूजच्या जमान्यातला असेल तर आर.सी.सी.बी. कशासाठी असतो हे शिष्याला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून कितीही ओळखीचा असला तरी काम देण्यापूर्वी त्याला काही गोष्टी विचाराव्यात, आणि त्या विचारण्यात संकोच मानू नये.

पहिले, परवाना स्वतःचा आहे की कोणाच्या परवान्याखाली काम करतो. दुसरे, एक-दोन वर्षांपूर्वी केलेले काम कुठे पाहायला मिळेल. कालच केलेले काम सर्वांचेच चकचकीत दिसते, दोन पावसाळे काढलेले पाहावे. तिसरे, प्रत्यक्ष काम तो स्वतः करणार की पोरांना लावून निघून जाणार. चौथे, मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र आणि अर्थ तपासण्याचे साधन त्याच्याकडे आहे काय. केवळ टेस्टर खिशात असणाऱ्याला फेज कुठे आहे एवढेच सांगता येते, वायरिंग चांगले आहे की नाही हे सांगता येत नाही. पाचवे, काम बिघडल्यास किती दिवस विनामूल्य पाहील. ज्याला काम येते तो या प्रश्नांनी रागावत नाही. उलट गिऱ्हाईक जाणकार आहे हे पाहून त्याचाही हुरूप वाढतो.

बोली कागदावर असावी

तोंडी बोलीत भांडणे होतात ती मुख्यतः पॉइंट मोजण्यावरून. एका बोर्डावर तीन स्विच आणि एक प्लग असेल तर तो एक पॉइंट की चार? जिन्यातल्या दिव्याला वर-खाली दोन स्विच असतात, तो एक की दोन? भिंत फोडण्याची मजुरी पॉइंटमध्ये आहे की निराळी? जुने फिटिंग काढण्याचे काय? हे सर्व कामाआधी एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. पैसेही टप्प्याटप्प्याने द्यावेत. सुरुवातीला काही उचल, पाइप टाकून झाल्यावर काही, वायर ओढून झाल्यावर काही, आणि शेवटचा हप्ता तपासणी पूर्ण झाल्यावर.

माल कोणी आणायचा हा दुसरा मुद्दा. शक्यतो वायरमनला बरोबर घेऊन आपणच दुकानात जावे आणि बिल आपल्या नावाने घ्यावे. वायरवर भारतीय मानक ब्यूरोची आय.एस.आय. खूण आणि आय.एस. ६९४ हा आकडा छापलेला असतो तो पाहावा. कॉइल बहुधा ९० मीटरची असते. तिच्यावर तांब्याच्या तारेचा आकार लिहिलेला असतो. आपले लोक त्याला दीड एम.एम., अडीच एम.एम. म्हणतात, तो वास्तविक चौरस मिलिमीटर आहे. साधारणपणे दिवे-पंख्यांना दीड, १६ अँपिअरच्या पॉवर प्लगला अडीच, आणि गिझर किंवा ए.सी. यांना प्रत्येकी स्वतंत्र चारची वायर असे धरले तर घर पुष्कळ वर्षे निर्धास्त राहते. रंगांचाही नियम आहे. फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा, अर्थला हिरवा किंवा हिरवा-पिवळा. उरलेली कॉइल संपविण्यासाठी लाल वायर अर्थला वापरणारा वायरमन पुढच्या वायरमनच्या जिवाशी खेळत असतो.

काही दुकानांतून वायरमनला मालावर कमिशन मिळते, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. यात सारा दोष वायरमनचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. मोहल्ल्यात "जरा येऊन बघून जा" म्हणून त्याला दहा घरी बोलावले जाते, तो फ्यूज बांधून देतो, आणि चहा पाजून त्याची बोळवण होते. मजुरी ठरविताना त्याला शेवटच्या रुपयापर्यंत घासले जाते. मग तो सुटलेले पैसे मालातून काढतो. अडीचच्या जागी दीडची वायर जाते, अर्थची तार बोर्डापर्यंत येऊन आत कुठेच जोडली जात नाही. गिऱ्हाइकाने वाचविलेले पैसे त्याच्याच भिंतीत धोका होऊन बसतात. पाहायला येण्याचे पैसे वेगळे द्यावेत, मजुरी वाजवी द्यावी आणि माल चोख मागावा, हाच या दुखण्यावर उपाय आहे.

चार कामे, ज्यांत काटकसर नको

पैसे कमी असतील तर बटणे साधी घ्या, झुंबर पुढच्या वर्षी लावा. परंतु पुढील चार कामांत कपात करू नका.

पहिले अर्थिंग. उपकरणाच्या धातूच्या अंगात करंट उतरला तर त्याला जमिनीकडे जाण्यासाठी सोपी वाट मिळावी, तुमच्या शरीरातून जाण्याची वेळ येऊ नये, यासाठी अर्थिंग असते. जुन्या घरांत पुष्कळदा अर्थची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधून दिलेली असे. पुढे प्लंबरने लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचा टाकला. पाणी येत राहिले, अर्थिंग मात्र त्याच दिवशी संपले, आणि घरात कोणाला पत्ताही लागला नाही. प्लॅस्टिकचे नळ बसविलेल्या प्रत्येक जुन्या घराने हे तपासून घ्यावे. दुसरी वाईट चाल म्हणजे प्लगच्या तिसऱ्या भोकाची तार न्यूट्रललाच जोडून देणे. टेस्ट लॅम्प लावला तर दिवा पेटतो, गिऱ्हाईक खूश होते. पण कधी न्यूट्रल तुटले की घरातल्या सगळ्या उपकरणांच्या धातूच्या अंगात फेज उतरतो. खरे अर्थिंग म्हणजे जमिनीत सुमारे अडीच मीटर पुरलेला जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वा तसाच योग्य इलेक्ट्रोड, आणि तेथून प्रत्येक प्लगपर्यंत अखंड आलेली हिरवी तार. चाळीत किंवा इमारतीत एकट्याला खड्डा खणता येत नसेल तर सर्वांनी वर्गणी काढून एक सामाईक अर्थिंग करावे आणि ते तपासून घ्यावे.

दुसरे आर.सी.सी.बी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो की नाही, हे तो मोजत असतो. मधेच काही प्रवाह माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागला की क्षणाच्या अंशात तो वीज तोडतो. घरगुती जोडणीसाठी नियमांत त्याची मर्यादा ३० मिलिअँपिअर सांगितली आहे. अनेकांना वाटते, एम.सी.बी. बसविला म्हणजे झाले. १६ अँपिअरचा एम.सी.बी. म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाही प्रवाह लागत नाही. एम.सी.बी. वायरीला वाचवितो, आर.सी.सी.बी. माणसाला. दोन्ही हवेत. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना हात लागला तर आर.सी.सी.बी.लाही कळत नाही, हेही लक्षात असावे. जुन्या घरात तो बसविला की वारंवार पडतो अशी तक्रार येते. तो पडतो याचा अर्थ वायरिंगमध्ये गळती आहे, किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहे. कुठे ते शोधणे हे वायरमनचे काम. "पडतोय तर काढून टाकतो" म्हणणाऱ्याला निरोप द्यावा.

तिसरे, वायरीला शोभेल एवढाच एम.सी.बी. पूर्वी फ्यूज उडू लागला की त्यात जाड तार बांधत. आज एम.सी.बी. पडू लागला की १६ चा काढून ३२ चा बसवितात. प्रकार तोच. पडणे थांबते आणि वायर तापू लागते. मोठा एम.सी.बी. हवा असेल तर आधी वायर मोठी टाकावी लागते.

चौथे, स्विच फेजवर असणे. स्विच चुकून न्यूट्रलवर असेल तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. बल्ब बदलणाऱ्याला धक्का बसतो तो यामुळे. जुन्या बोर्डांवर न्यूट्रलमध्येही किटकॅट फ्यूज असतो. तोच उडाला तर सारे बंद दिसते, आणि आत फेज तसाच उभा असतो. असे फ्यूज काढून न्यूट्रल सरळ करून घ्यावे.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे त्यांनी पाचवेही ध्यानात घ्यावे. जनरेटर मुख्य लाइनला जोडताना चेंजओव्हर स्विच लागतोच. तो नसेल तर आपल्या घरची वीज उलट खांबावर जाते, आणि लाइन बंद समजून काम करणारा लाइनमन प्राणास मुकतो.

काम झाल्यावर

प्लास्टर होण्यापूर्वी सर्व भिंतींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना, टाइल बदलताना ते कामी येतात. शेवटचा हप्ता देण्याआधी वायरमनकडून आपल्यासमोर तपासणी करून घ्यावी. उपकरणे काढून ५०० व्होल्टच्या मेगरने वायरिंगचे इन्सुलेशन पाहावे, ते एक मेगओहमपेक्षा कमी असता कामा नये. नव्या फिटिंगमध्ये ते पुष्कळच अधिक येते. प्रत्येक प्लगमध्ये फेज, न्यूट्रल, अर्थ आपापल्या जागी आहेत का ते पाहावे. आर.सी.सी.बी.वरचे 'टी' अक्षराचे बटण दाबावे, तो लगेच पडला पाहिजे. पुढेही अधूनमधून हे बटण दाबत राहावे. कोणता एम.सी.बी. कोणत्या खोलीचा, हे बोर्डाच्या दारावर मराठीत लिहून घ्यावे, म्हणजे घाईच्या वेळी घरातील कोणालाही वीज बंद करता येईल. धक्का लागलेल्या माणसाला उघड्या हाताने ओढू नये, आधी मेन बंद करावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, एवढे घरातील मुलांनाही शिकवावे.

वायरमन बांधवांसाठी

ज्यांचा हात तयार आहे पण कागद नाही, त्यांनी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात जाऊन परवान्याची अट आणि परीक्षा यांची चौकशी करावी. हाताखाली पोरगा शिकत असेल तर त्याला आय.टी.आय.चा रस्ता दाखवावा. उस्तादाचे कसब आणि संस्थेचा कागद एकत्र आले तर तो पोरगा गल्लीपुरता राहत नाही, मोठ्या इमारती, कारखाने, आखात, सगळीकडे त्याला काम आहे. छोट्या कामाचेही बिल द्यावे आणि त्यावर कोणती वायर, कोणता एम.सी.बी. बसविला ते लिहावे. त्यातून पुढचे गिऱ्हाईक मिळते.

सर्वांत महत्त्वाचे स्वतःच्या जिवाचे. मेन बंद केल्याशिवाय बोर्ड उघडू नये, बंद केल्यावरही टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात घालू नये, आणि मेनजवळ कोणाला तरी उभे करावे. "दोन मिनिटांचे काम आहे" म्हणून चालू लाइनवर हात घालण्याची शेखी पुष्कळांच्या घरी चूल विझवून गेली आहे. हातावर पोट असणाऱ्याच्या मागे कुटुंबाला काय उरते याचाही विचार करावा. २०१५ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेत बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख रुपये मिळतात. वय १८ ते ७० असावे एवढी अट. दिवसभराच्या चहापेक्षा कमी पैशांत होणारी ही सोय एकाही वायरमनने सोडू नये. गिऱ्हाइकाने दर कमी करण्यासाठी अर्थिंग किंवा आर.सी.सी.बी. गाळायला सांगितले तर सरळ नकार द्यावा. ते काम दुसऱ्याला गेले तरी चालेल.

वाचकांना आमची विनंती एवढीच आहे. नवे काम काढायचे नसले तरी या आठवड्यात घरातील मेन बोर्ड उघडून पाहा. आर.सी.सी.बी. आहे का, त्याचे बटण दाबल्यावर तो पडतो का, नळ प्लॅस्टिकचे झाल्यावर अर्थिंग कोणी पाहिले आहे का, हे तपासा. उत्तर नाही असे आले, तर आपल्या गल्लीतील जाणत्या वायरमनला बोलवा, त्याला बघण्याचे पैसे द्या, आणि पावसाळ्यापूर्वी ते काम उरकून घ्या.